आमच्या घरच्या कादंबऱ्यांत कुणी मरत नाही

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. पोचल्याचं कळव, असं तू मला तीनदा बजावलंस, जणू मी आगगाडीतून नव्हे, तोफेतून चालले होते. खोली बरी आहे. खिडकीतून समोर एक भिंत दिसते आणि भिंतीवर दुसऱ्या खिडकीची सावली. दंत रुग्णालयाच्या ज्या विभागात कवळ्या तयार होतात तिथे मला नव्या मुलांना शिकवायचं आहे. मुलं हुशार आहेत. पहिल्याच दिवशी एकाने वरचे दात खाली बसवले आणि माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं.

फोन का नाही केला, असं विचारशील. तुझा फोन बैठकीच्या खोलीत आणि आईची खुर्ची त्याला खेटून. नजर गेल्यापासून आई इतकी तिखट कानाची झाली आहे की तू नुसतं हं म्हणालास तरी पलीकडचं सगळं तिला कळेल. म्हणून पत्र. सकाळचं टपाल तुझ्याच हातात पडतं, तेवढा तुझ्या लवकर उठण्याचा जगाला उपयोग होऊ दे.

आता आईच्या सामानातल्या पुस्तकांच्या निळ्या पिशवीबद्दल. उन्हाळ्यात वाचायला कादंबऱ्या सुचव, असं तू जन्मात मला म्हणाला नाहीस, कारण तुझ्या लेखी कादंबरी म्हणजे शपथेवर न दिलेली साक्ष. पण कोर्टाला सुट्टी आहे, आईला रोज संध्याकाळी वाचून दाखवणारं कुणीतरी लागतं, आणि मी इथे आहे. तेव्हा ऐक. आधी पुलाच्या इंजिनिअरची घे, ती हळूहळू चढते. मग दीपगृहाच्या रखवालदाराची. जाड आहे, पण आईला समुद्र आवडतो. बेकरीवाल्या बहिणींची तिची लाडकी आहे, चारदा वाचून झाली तरी ती पुन्हा मागेल. रविवारी डिटेक्टिव्ह.

एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही. बाबा गेले त्यानंतर महिनाभराने मी तिला पहिली कादंबरी वाचायला घेतली, तर चौथ्या प्रकरणात नायिकेचा नवरा गेला. ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेना. मी त्याला बरा करून टाकला. आई एवढंच म्हणाली की बरं झालं बाई, आणि कूस बदलून झोपली. तेव्हापासून, म्हणजे गेली आठ वर्षं, आमच्या घरच्या कादंबऱ्यांत कुणी मरत नाही. जिथे मरण येतं त्या पानाचा वरचा कोपरा मी मुडपून ठेवलाय. कोपरा आला की तू पुस्तकातून मान वर काढायची आणि माणूस वाचवायचा. एवढं तुला जमेल. न जमायला काय झालं?

आईला मी दोन महिन्यांचं सांगितलंय. खरं तुला ठाऊक आहे. विभागप्रमुख बाई मला कायम ठेवून घ्यायचं म्हणतायत आणि पंचवीस मेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आई तुझ्याकडे रमली तर हो. नाही रमली तर मी आहे आणि गल्लीतलं ते दुकान आहे, जिथे मालक एकाच मापाच्या कवळ्या सगळ्या गावाला घालू पाहतो. दादा, मला ही नोकरी हवी आहे. हे मी चेष्टेत लिहिलेलं नाही.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे, तो वाचताना आवाजातही थोडा उतरावा ही विनंती.

तुझी,
टिचकी


११ एप्रिल

चि. टिचकी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं, पण आधी पिशवी उघडली गेली होती. उघडून पाहतो तर पुस्तकांचे हाल. कुण्या रानटी माणसाने जागोजाग पानांचे कोपरे मुडपलेले. मला राहवलं नाही. एकेक कोपरा नखाने सरळ केला आणि सगळी पुस्तकं दोन दिवस लोखंडी ट्रंकेखाली दाबून ठेवली. तुझी वहिनी म्हणाली की हलकी इस्त्री फिरवली तर आणखी बरं दिसेल, तेही केलं. आता पुस्तकं नव्यासारखी झाली आहेत. त्यानंतर तुझं पत्र आलं.

तू मला ओळखतेस, अशी माझी समजूत होती. उभं आयुष्य कोर्टात लघुलेखन करण्यात गेलं. साक्षीदार शिंकला तर साक्षीदार शिंकला असं लिहिणारा मी माणूस. मला तू मेलेल्यांना उठवायला सांगतेस!

तरी प्रयत्न केला. इंजिनिअरला ताप चढला तेव्हा मला अंदाज आला. मी थांबलो. इतका थांबलो की आईने विचारलं, झोप लागली का. मग मी घाईघाईने त्याला बरा केला. तुला वाटतं तिथे काम संपतं? मेलेला माणूस जिवंत ठेवला की पुढची दीडशे पानं त्याला जेवू घालावं लागतं. तो कुठे बसतो, काय करतो, पुलाच्या उद्घाटनाला का येत नाही? त्यात बाराव्या प्रकरणात त्याच्या बायकोने कंत्राटदाराशी लग्न केलं. आईने विचारलं, आधीच्या नवऱ्याचं काय. मी सांगितलं, त्याची हरकत नाही. हल्लीचे लेखक फारच पुढारलेले आहेत, असं आईचं मत पडलं.

तू हे कसं निभावतेस, ते कळव. आईचं म्हणणं आहे की टिचकी वाचते तेव्हा माणसं दिसतात आणि मी वाचतो तेव्हा आरोपी दिसतात. काल तिने मला बजावलं, महिनाअखेर मला माझ्या घरी नेऊन सोड. मी विषय बदलला. मला विषय बदलता येत नाही, हे तुला माहीत आहे, त्यामुळे हवेबद्दल बराच वेळ बोलावं लागलं.

तुझी नोकरी व्हावी असं मलाही वाटतं. पण माणसाने आपल्या भावाची कुवत पाहून खोटं सोपवावं. आशीर्वाद तर आहेतच, सध्या तेवढेच माझ्याकडे शिल्लक आहेत.

तुझा,
दादा


१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी विभागात बसून वाचलं आणि मोठ्याने हसले. समोर एक गृहस्थ नवी कवळी घालून पाहत होते, त्यांना वाटलं त्यांनाच हसते. ते कवळी टेबलावर ठेवून उठून गेले. ही तुझ्या इस्त्रीची करामत.

अरे शहाण्या, मी पुढचं वाचतच नाही. कोपरा आला की पुस्तक मांडीवर तसंच उघडं धरते, अधूनमधून पान उलटल्याचा आवाज करते आणि शेवटापर्यंतचं आपलं आपण रचते. माझा इंजिनिअर पूल बांधून झाल्यावर मधमाश्या पाळतो. कंत्राटदाराचं त्या घरात नावही निघत नाही. तू एक डोळा पुस्तकावर आणि एक आईवर ठेवायला गेलास म्हणून ती बाई दोन नवऱ्यांची झाली.

डिटेक्टिव्ह मात्र वाचावीच लागते, नाहीतर गुंता सुटत नाही. तिथे मी प्रेत आलं की बेशुद्ध माणूस म्हणते. आईची गेली आठ वर्षं अशी समजूत आहे की डिटेक्टिव्ह लोक बेशुद्ध माणसांची चौकशी करतात. तेवढं सांभाळ.

कोपरे गेले ते गेले. आठवणीने सांगते. रखवालदार शेवटून तिसऱ्या प्रकरणात. घोड्यांच्या डॉक्टरच्या कादंबरीचं नाव काढलं तरी सावध हो, तिथे माणसंच काय, घोडेही मरतात. बेकरीतली धाकटी बहीण नेमकी कुठे जाते ते आता माझ्या लक्षात नाही, इतकी ती माझ्याकडे म्हातारी होऊन नातवंडांत रमली आहे. मधल्या भागात कुठेतरी, भट्टीजवळ. तिथे डोळ्यांत तेल घालून वाच.

आणि आवाज. पूर्णविरामाला हातोडा आपटू नकोस. प्रेमाचं वाक्य आलं तर ते कुणाविरुद्ध नाही, एवढं ध्यानात ठेव.

विभागप्रमुख बाईंनी मला वेगळी खोली दाखवली, उत्तरेच्या उजेडाची. दातांचा रंग पाहायला तोच उजेड लागतो. मी तिथल्या टेबलावर हात ठेवून उगाच उभी राहिले. दादा, महिनाभर तग धर. आईला काही वाट्टेल ते सांग, पण रमव. तुझा लोभ सध्या याच कामी लागू दे.

तुझी,
टिचकी


६ मे

चि. टिचकी हिस,
अ. उ. आ.

बातमी वाईट आहे आणि मी ती गोड करून सांगणार नाही. गोड करण्याचे परिणाम पुढे येतीलच.

आईने बेकरीवाल्या बहिणी मागितल्या. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. तेल घालून बसल्यावर काही दिसत नाही, हे म्हणीत कुणी सांगत नाही. मधला भाग आला, भट्टी आली, धाकटी भट्टीजवळ गेली, पाव काढले, परत आली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि जरा रंगात येऊन वाचू लागलो. पुढच्या पानावर ती एका ओळीत गेली, घराच्या पायरीवर, पाव हातात असताना. भट्टीजवळ नाही, टिचकी. पायरीवर. माझ्या तोंडून ते बाहेर पडलं होतं आणि मी आठवणीने पूर्णविरामावर आवाज हळूही घेतला होता.

आई ताठ बसली. तिने मला खुनी म्हटलं. माझ्या आळसाचा इतिहास काढला, अगदी तिसरीतल्या निबंधापासून. म्हणाली, कंटाळा आला म्हणून चांगली धडधाकट मुलगी मारून टाकलीस. मी म्हटलं, छापलंय तसं वाचलं. तिने तुझ्या वहिनीला हाक मारली. आता वहिनी गणिताची शिक्षिका. तिने चष्मा लावला, ते पान मोठ्याने वाचलं आणि उत्तर तेच आलं. मग आईने विचारलं की इंजिनिअर जगला का. वहिनीने तेही पाहिलं. मग रखवालदार. मग घोड्यांचा डॉक्टर. वहिनी एकेकाचं मरण काढून देत होती आणि मी पायांकडे पाहत होतो. शेवटी आईने मला सरळ विचारलं, हे टिचकी कधीपासून करते. मला खोटं सुचेपर्यंत खरं बोलून झालं होतं.

नोकरीचं बोललो नाही. तेवढं कुणी विचारलं नाही.

आई तेव्हापासून बॅग भरून तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली आहे. जेवते, पण बॅगेकडे तोंड करून. माझ्याशी बोलत नाही, ही तक्रार नाही, माहिती आहे. तू काय करायचं ते ठरव. मी तुझं काम बिघडवलं, याचं मला फार वाईट वाटतं. हे वाक्य मी दोनदा लिहून पाहिलं, दुसऱ्यांदाही तेच आलं.

तुझा,
दादा


११ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शाबास. आठ वर्षांत माझ्या हातून एक माणूस दगावला नाही, तुझ्याकडे महिन्याभरात अख्खं गाव गेलं. वहिनीला माझा विशेष नमस्कार सांग. तिच्यासारखी मदत मिळाली की शत्रूची गरज उरत नाही.

चोवीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढलंय. आईला घेऊन मी घरी जाते. विभागप्रमुख बाईंना नकाराचं पत्र आजच दिलं. मुलांना कारण सांगितलं नाही, तर वरचे दात खाली बसवणाऱ्याने परस्पर जाहीर केलं की माझं लग्न ठरलंय. अभिनंदनं स्वीकारते आहे.

तुला दोष देऊन उपयोग नाही, तरी देते, तेवढंच बरं वाटतं. पण खरी भीती वेगळी आहे. आई मला काय म्हणेल याची ती नाही. ती रागावली तर मी सहन करीन. ती गप्प बसली तर मला जमणार नाही. तेवढं तिचं मन माझ्याकडे वळव, लोभाचं नंतर बघू.

तुझी,
टिचकी


१६ मे

चि. टिचकीला आईचे आशीर्वाद.

हे पत्र तुझा भाऊ लिहून घेतोय. मी बोलेन ते जसंच्या तसं टिपायचं, असं त्याला बजावलंय. जन्मभर परक्यांचं टिपलं, एकदा आईचं टीप म्हणावं. (टिपतो आहे.)

मी तीन दिवस बॅगेजवळ बसले ती रागाने बसले. पुस्तकातली माणसं मेली म्हणून राग नव्हता गं. मला न विचारता जिवंत ठेवलीस म्हणून होता. मी काय काचेचं भांडं आहे? तुझ्या बाबांना शेवटी मी चमच्याने पाणी पाजलंय, आणि पाववाली एक पोर पायरीवर गेली तर मला सोसणार नाही?

चौथ्या दिवशी विचार केला की घरी जाऊन तरी काय होणार. तू येशील आणि पुन्हा सगळ्यांना बरं करशील. म्हणून ह्याला म्हटलं, काढ ती पिशवी. पहिल्या पुस्तकापासून घे, आणि आहे तसं वाच. अगं, काय एकेक मरतात! इंजिनिअर असा काही गेला की तुझी वहिनी गॅस बंद करून ऐकायला आली. शेजारच्या नर्सबाई निवृत्त आहेत, त्याही आता येऊन बसतात आणि लेखकाने ताप चुकीचा लिहिलाय म्हणून भांडतात. डिटेक्टिव्हचा तर मला आत्ता उलगडा झाला. आठ वर्षं मी म्हणत होते, हे लोक इतके मूर्ख कसे, तो शुद्धीवर आल्यावर त्यालाच का नाही विचारत.

आणि ह्याच्या वाचण्याबद्दल. प्रेमबीम वाचायला घेतलं की हा लाकूड आहे. पण मरण वाचावं तर ह्यानेच. आवाज कापरा करत नाही, लांबण लावत नाही. जे झालं ते सांगतो. (हे आईने नर्सबाईंनाही ऐकवलं. नोंद असावी.)

काल रखवालदार गेला. त्याची बायको दुसऱ्या दिवशी त्याचे बूट उन्हात ठेवते, कारण ते ओले आहेत. एवढंच लिहिलंय. मी रडले. खूप रडले. सुरुवात रखवालदारासाठी केली आणि मग तुझे बाबाच आले समोर. ते गेले तेव्हा तुम्ही दोघं मला इतकं जपत होतात की मोकळेपणाने रडायला घरात जागा नव्हती. पुस्तकात मिळाली असती, ती तू बुजवलीस. आता राग नाही. काल मला कळलं की ते चौथं प्रकरण तुलाच वाचवेना, माझा प्रश्नच नव्हता. तूही रडली नाहीस ना गं? माझ्यासाठी म्हणून राहून गेलं असेल.

पिशवी अजून अर्धीही झाली नाही. तेव्हा चोवीसला मला न्यायला येऊ नकोस, मी येणार नाही.

एक विचारायचंय. जी कादंबरीत खोटं बोलते ती घरातही बोलत असणार. दोन महिन्यांचं तू जे मला सांगितलंस ते खरं, की तेही मला जपायला? ह्याला विचारलं तर म्हणतो, मला साक्षीला बोलावलेलं नाही. (बरोबर आहे.) तू सांग. जे असेल ते लिही. हा वाचेल, आणि हा कसा वाचतो ते तुला आता ठाऊक आहे.

तुझ्यावर आहे तेवढी माया आहेच, त्यात काटछाट केलेली नाही.

आई


२० मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दादा, मध्ये खाकरू नकोस. वाच.

आई, दोन महिन्यांचं खोटं होतं. इथे मला कायमची नोकरी देतायत. तू दादाकडे रमणार नाहीस असं वाटून मी नकाराचं पत्र देऊन टाकलं होतं. काल ते परत मागायला गेले, तर विभागप्रमुख बाईंनी पाकीट उघडलंच नव्हतं. म्हणाल्या, नवी कवळी पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच टोचते, म्हणून कुणी लगेच परत घेत नाही. मी तिथेच होकार दिला. लग्नाची अफवा मात्र अजून चालू आहे, आणि वरचे दात खाली बसवणाऱ्याने वर्गणी काढून मला एक पडदा आणून दिलाय. तो भिंतीकडच्या खिडकीला लावलाय.

ही नोकरी मी तुझ्यासाठी घेत नाहीये, नाइलाजानेही नाही. मला आवडते म्हणून घेते आहे. तुला दादाकडे सोडून गाडीत बसले तेव्हा मला हायसं वाटलं, आणि पुढची दोन स्टेशनं मी स्वतःला शिव्या देत होते. हेही वाच, दादा.

मी आता घरी राहायला येणार नाही, आई. भेटायला येईन.

चोवीसचं तिकीट रद्द केलेलं नाही. तुला न्यायला नाही, चार दिवस राहायला येते. वहिनीला सांग, माझं अंथरूण तुझ्या खोलीतच घालायचं. आणि रखवालदाराचं ते प्रकरण मी आल्यावर दादाला पुन्हा वाचायला लाव. कोपऱ्याच्या पुढे मी कधी गेलेच नाही. त्या बुटांबद्दल मला तुझ्या पत्रातून कळलं आणि तेव्हापासून काम सुचत नाहीये. मला ते तुझ्या शेजारी बसून ऐकायचंय, आणि या वेळी मला कुणी जपू नका.

तुझी,
टिचकी